अर्निका आणायला

माझी बायको ट्रूडी ऑक्टोबरात वारली. एप्रिलमध्ये युवा शेतकऱ्यांच्या समितीतून एका बाईंचा फोन आला. आयर्लंडची एक मुलगी सहा आठवड्यांसाठी येणार होती, दोन-दोन आठवडे तीन घरी राहणार होती. तिसऱ्या घराच्या यादीत आमचं नाव अजून आहे, ठेवू की काढू, असं त्या विचारत होत्या. आमच्याकडे एक-दोन वर्षांआड असं कुणी ना कुणी यायचं. फिनलंडचा एक मुलगा आला होता, तो उभ्यानेच जेवायचा. पण पाहुण्यांचं सगळं ट्रूडी बघायची. मी हात मिळवायचो आणि गाई दाखवायचो. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून मी हो म्हणालो.

त्याच महिन्यात आमच्या कुरणाच्या सभासदांची बैठक झाली. सहा घरांच्या अठरा गाई उन्हाळ्यात वर डोंगरावर असतात. आम्ही दोघं त्यांच्याबरोबर वर राहायचो. मी गाई दोहायचो, कुंपण बघायचो, लाकडं फोडायचो. ट्रूडी चीज करायची. सप्टेंबरात ज्याच्या गाईंनी जितकं दूध दिलं तितकं चीज त्याच्या वाट्याला जायचं. असे एकतीस उन्हाळे गेले.

"फ्रेडू, या वर्षी दूध गाडीने खाली डेअरीत पाठवू," आमचा कारभारी वर्नर म्हणाला. "तुला कशाला त्रास?"

"चीज मी करतो," मी म्हणालो.

"तू? तुला अंडं उकडता येत नाही."

सगळे हसले. मीही हसलो, कारण ते खरं होतं. शेवटी असं ठरलं की एक उन्हाळा बघू. चीजची तीन चाकं बिघडली की चीज बंद, दूध खाली, आणि तांब्याचा हंडा गावातल्या खानावळीच्या भिंतीवर शोभेला टांगायचा.

जून संपेपर्यंत दोन बिघडली होती. एक फुगून तडकलं, दुसरं कडू निघालं. दोन्ही डुकरांनी खाल्ली. तिसरं बिघडलं असतं तर मी वर काय करणार होतो? आणि खालच्या घरात तरी काय करणार होतो? खालच्या घरात ट्रूडीचे कपडे होते. वर तिचं काम होतं. मला कामाजवळ राहायचं होतं.

ब्रोना जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आली. तेवीस वर्षांची, उंच, माझ्यासारखेच लाल, फुटलेले हात. शाळेत जर्मन शिकलेली होती, त्यामुळे बोलणं अडलं नाही. तिचे वडील दोनशे चाळीस गाई सांभाळतात.

"तुमच्याकडे अठराच?" ती म्हणाली. "आमच्याकडे एवढ्या तर आजारी असतात."

"म्हणूनच असतात," मी म्हणालो. "आणि मला 'तुम्ही' म्हणू नकोस. वर डोंगरावर सगळे 'तू'."

"आणि खाली गेल्यावर?"

"खाली गेल्यावर बघू."

आधीच्या दोन्ही घरांनी तिला रोज किसलेले बटाटे परतून वाढले होते. पहिल्याच दिवशी ती भलेपणाने 'मला फार आवडतं' म्हणाली, आणि पहिल्या घराने ते दुसऱ्या घराला कळवलं. मी मकरोनी, बटाटे आणि वर शिजवलेलं सफरचंद दिलं. तिने तीन वेळा घेतलं. मला तेवढं एकच येतं हे मी चौथ्या दिवशी सांगितलं. ती म्हणाली, ते तिला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं.

कामाला वाघीण होती. हंड्यात वाकून गोठलेल्या दुधाखालून फडकं ओढून घ्यायला मला जून महिना लागला होता. ती दोन दिवसांत शिकली. मी तिला सगळं दाखवलं. एक गोष्ट दाखवायची राहिली, कारण ती दाखवण्यासारखी आहे असं माझ्या डोक्यातच आलं नाही.

चीज बाहेर काढल्यावर हंड्यात हिरवट पाणी उरतं, त्याला आम्ही निवळी म्हणतो. ती डुकरांना जाते. पण त्यातली थोडी निळ्या किटलीत भरून, गवत भरलेल्या लाकडी पेटीत उबेला ठेवायची. सकाळपर्यंत ती आंबते. तेच दुसऱ्या दिवशीच्या दुधाचं विरजण. आजच्यातून उद्याचं, उद्याच्यातून परवाचं. ट्रूडीचं विरजण एकतीस वर्षांत कधी तुटलं नव्हतं. हिवाळ्यात ते खाली तळघरात असायचं, जूनमध्ये परत वर यायचं. हे मी दर सप्टेंबरात, चीजच्या वाटपाच्या दिवशी, ऐकेल त्याला सांगायचो. न ऐकणाऱ्यालाही सांगायचो.

ब्रोना येऊन सहा दिवस झाले होते. त्या दिवशी चीज दाबाखाली ठेवून मी वरच्या अंगाचं कुंपण दुरुस्त करायला गेलो. चार वाजता परत आलो तर ती दारात उभी होती. मागे सगळी भांडी उन्हात पालथी घातलेली.

"फ्रेडू, बघ!" ती म्हणाली. "सगळं गरम पाण्याने, सोड्याने घासलं. फळ्या पण. डाव पण."

"छान," मी म्हणालो. मग मला निळी किटली दिसली. तीही पालथी होती.

"ती पेटीतली तर आंबूस वास मारत होती," ती म्हणाली. "कधीची विसरला होतास?"

"आतलं काय केलंस?"

"डुकरांना घातलं. आवडलं त्यांना."

मी बाकावर बसलो. तिने माझ्याकडे पाहिलं, मग किटलीकडे.

"काय होतं त्यात?"

"विरजण."

तिचे कान लाल झाले. तिच्या घरी दूध लागलेलं भांडं तासभर पडून राहिलं तर वडील घर डोक्यावर घेतात. लहानपणापासून शिकलेला पहिला धडा तोच, आंबूस वास आला की ओत आणि घास. तिने चूक अशी काही केलीच नव्हती. मोठ्या गोठ्यात वाढलेलं कुणीही तेच करतं. हे मला तेव्हाही कळत होतं, पण मी म्हणालो नाही. मी म्हणालो, "गाई दोहायची वेळ झाली."

"थांब," ती म्हणाली. "विकत मिळत नाही का?"

"खाली डेअरीत पूड मिळते. उद्या दुपारपर्यंत वर येणार नाही. सकाळी साडेपाचला दूध हंड्यात असेल. विरजणाशिवाय केलं तर फुगणार."

"म्हणजे तिसरं." वर्नरचं बोलणं मी तिला सांगितलेलं होतं.

"म्हणजे तिसरं."

"मग शेजाऱ्याकडून आण ना. माझी आजी पावासाठी ताक शेजारून आणायची."

"इथे शेजारी नाही."

"तो समोर धूर दिसतोय तो काय आहे?"

"तो रेस आहे."

"रेस शेजारी नाही?"

"नाही," मी म्हणालो आणि गोठ्यात गेलो.

रेसचं कुरण आमच्या पलीकडे, ओढ्यापासून अर्ध्या तासावर. एकटा माणूस, लग्न केलं नाही, दहा-बारा गाई. आमच्या वाटपाला तो दर वर्षी चवीपुरतं आपलं चीज घेऊन यायचा. अकरा वर्षांपूर्वी त्या दिवशी मी त्याच्या चीजचा तुकडा तोंडात घातला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "रेस, धुराचा वास येतो रे याला. ट्रूडीकडून थोडं विरजण घेऊन जा." त्याचा चेहरा जांभळा झाला. टोपी घातली आणि गेला. त्यानंतर तो वाटपाला आलाच नाही.  ट्रूडी तेव्हा मला म्हणाली होती, "तू ना, तोंड मिटायला शीक." मला वाटलं, ती त्याची बाजू घेते आहे.

दोहून बाहेर आलो तर ब्रोना घरात नव्हती. किटलीही नव्हती. ऊन अजून डोंगरमाथ्यावर होतं आणि रेसकडे जाणाऱ्या वरच्या वाटेवर तिचा पिवळा कोट दिसत होता. वरची वाट वसंतात दरड येऊन घळीपाशी तुटली आहे. मी हाका मारल्या. ओढ्याच्या आवाजात तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं. सदुसष्टाव्या वर्षी मी त्या चढाला धावलो. कुंपणापाशी गाठलं तिला.

"पुढे वाट नाही," मी म्हणालो. बोलायला दम नव्हता.

"मग वाट आहे ती दाखव."

"परत चल."

"तू जा परत. मी ओतलं, मी आणते."

"तो देणार नाही."

"मला देईल. मी कुठे त्याच्या चीजला नावं ठेवलीत?"

हे मी तिला कधी सांगितलं होतं? बहुतेक दुसऱ्या दिवशी, जेवताना, फुशारकीनेच. खालच्या वाटेने तिला नेण्यावाचून इलाज नव्हता. मी ठरवलं, ओढ्याच्या पुलापर्यंत जायचं. पुलावर ठरवलं, रेसच्या गोठ्यापर्यंत. त्याच्या दारापर्यंत जायचं नाही हे नक्की होतं. पण रेस दाराबाहेरच बसला होता, विळ्याचं पातं ठोकत. त्याने आधी किटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"किटली आली," तो म्हणाला. "या वेळी फ्रेडूपण आलाय. हे नवीन."

मला काही कळलं नाही. ब्रोनाने आपलं नाव सांगितलं आणि पाठ केल्यासारखं, न अडखळता म्हणाली, "मी यांचं विरजण डुकरांना घातलं. आम्हाला थोडं द्याल का?"

"वर 'द्याल' नाही, 'देशील'," रेस म्हणाला. "देतो की. मला वाटलं होतं जूनमध्येच येईल हा. जूनमध्ये तुटतंच. वर थंडी असते. ट्रूडी बहुतेक जूनमध्येच यायची."

मी लाकडं फोडायच्या ओंडक्यावर बसलो.

"कोण यायची?"

"तुझी बायको. ही किटली घेऊन. तो पोचा बघ, तो माझ्या पायरीवर पडलाय. या किटलीला इकडची वाट तुझ्यापेक्षा चांगली माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या उन्हाळ्यापासून. कधी वर्षातून एकदा, कधी चारदा. एका वर्षी आलीच नाही. मला वाटलं, काही चुकलं माझं. सप्टेंबरात केक घेऊन आली. म्हणाली, रेस, या वर्षी तुटलंच नाही, म्हणून सांगायला आले."

"मला कधी..."

"तुला सांगायचं नाही असा शब्द घेतला होता माझ्याकडून. म्हणाली, वर्षभरात त्याला मिरवायला तेवढी एकच गोष्ट आहे, राहू दे."

ब्रोना खाली मान घालून किटलीचं झाकण नीट बसतं का ते बघत होती. ते आधीच नीट बसलेलं होतं.

"अर्निका आणायला जाते म्हणायची," मी म्हणालो. आम्ही ती फुलं दारूत घालून ठेवतो, गुडघ्यांना चोळायला. ट्रूडी तासन् तास जायची आणि मूठभर फुलं घेऊन यायची, कधी कधी तर रिकाम्या हातांनी. मी तिला चिडवायचो की एवढ्या वेळात मी डोंगर कापून आणला असता.

"माझ्याच गोठ्यामागची तोडायची, जाता जाता," रेस म्हणाला.

"आणि तो धुराचा वास. तू रागावून गेलास ना?"

रेसने पातं बाजूला ठेवलं. "रागावून? अरे, माझ्याच विरजणाचं चीज वर्षभर खाऊन तू मला सांगत होतास की ट्रूडीकडून विरजण ने. ती तुझ्यामागे उभी राहून माझ्याकडे बघत होती. आणखी एक क्षण थांबलो असतो तर हसलो असतो, आणि शब्द मोडला असता. पुढच्या वर्षी आलो असतो तर तू परत काहीतरी बोलला असतास. त्यापेक्षा घरी बरा."

"अकरा वर्षं?"

"मला तशीही गर्दी आवडत नाही."

ब्रोनाने रेसच्या भांड्यात नाक घातलं. "धुराचा वास मात्र येतो," ती म्हणाली.

"येतो," रेस म्हणाला. "चिमणी खराब आहे."

मला आधी लाज वाटली. मग मी हसायला लागलो. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा असा मोठ्याने हसलो. मध्येच डोळे पुसावे लागले. रेस तेवढ्यात आत जाऊन विरजण घेऊन आला, आणि यायला त्याने बराच वेळ लावला. ट्रूडीबद्दल आता नवीन काही कळायचं राहिलं नाही, असं मी धरून चाललो होतो. आपल्याला जे माहीत आहे तेवढंच पुरवून पुरवून वापरायचं. आणि इथे ती एकतीस वर्षं किटली घेऊन माझ्या पाठीमागे ये-जा करत होती.

परतताना किटली ब्रोनाने धरली होती. पुलावर म्हणाली, "रागावला आहेस का?"

"तुझ्यावर? तू ओतलं नसतंस तर मी इकडे आलोच नसतो."

"मग मी रोज ओतू का?"

"उद्या सकाळी पाचला ऊठ म्हणजे झालं."

सकाळी मी हंड्याखाली जाळ केला, दूध कोमट झाल्यावर किटली तिच्या हातात दिली. तिने ती दोन्ही हातांनी धरून ओतली. मग दूध गोठवायचं औषध घातलं आणि आम्ही थांबलो. ही अर्ध्या-पाऊण तासाची वेळ मला त्या उन्हाळ्यात सगळ्यात जड जायची. ट्रूडी या वेळात शिट्टी वाजवत फळ्या पुसायची. मी नुसता हंड्याकडे बघत बसायचो. त्या दिवशी ब्रोना तिच्या घरच्या एका बैलाची गोष्ट सांगत होती, जो दर रविवारी प्रार्थनेच्या वेळी चर्चच्या आवारात जाऊन उभा राहायचा. पाळकाने तक्रार केली, तर तिचे वडील म्हणाले, घरातला तेवढा एकच नियमाने जातो. गोष्ट संपली तेव्हा बोट घालून पाहायची वेळ झाली होती.

मी बोट घातलं. दही चिरल्यासारखं सरळ फाटलं. कडेला स्वच्छ निवळी.

"लागलं," मी म्हणालो.

चाक आठ किलोचं झालं. दाबातून काढल्यावर मी कडेला तारीख कोरली. ब्रोनाने तारखेखाली खिळ्याने एक छोटी किटली काढली. पोचासुद्धा काढला.

उरलेला आठवडा बरा गेला. रेस दोनदा येऊन गेला, एकदा काही कामाने, एकदा काहीच काम नसताना. ब्रोनाने आमच्या डुकरांची नावं ठेवली. ती इथे लिहीत नाही, कारण एक नाव वर्नरचं आहे.

तिला सोडायला मी खाली बस थांब्यापर्यंत गेलो. पिशवी खांद्यावर घेऊन ती म्हणाली, "आता खाली आलो. 'तुम्ही' म्हणू का?"

"म्हणून बघ."

तिने मला मिठी मारली आणि बस आली.

सप्टेंबरात वाटप झालं. सगळी चाकं गवतावर मांडली. वर्नरने एकेका चाकावर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला, पुढे गेला. मी त्याच्यामागून चालत होतो.

"दोनच बिघडली?" त्याने विचारलं.

"दोनच."

किटलीचं चित्र असलेलं चाक त्याने चवीसाठी कापलं. आत बारीक, सारखी भोकं. तो सावकाश चावत राहिला. त्याच्या बायकोनेही तुकडा घेतला.

"म्हणजे ट्रूडीचं विरजण अजून चालू आहे," वर्नर म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघून थांबले. दर वर्षी याच जागी मी सुरू व्हायचो. मागे, माणसांच्या कडेला, रेस उभा होता. अकरा वर्षांनी आला होता आणि स्वतःच्या बुटांकडे बघत होता. त्याने शब्द दिला होता, मी नाही.

"हे रेसचं आहे," मी म्हणालो. "पहिल्यापासून रेसचंच होतं. तुटलं की ट्रूडी त्याच्याकडून आणायची. मला माहीत नव्हतं."

मग वर्नर म्हणाला, "म्हणजे एकतीस वर्षं तू आम्हाला..."

"हो."

"थांब. मला बसू दे."

तो खरंच खाली गवतात बसला आणि हसायला लागला. मग सगळेच. हसणं थांबत आलं की कुणीतरी म्हणायचं, "न तुटलेलं!" आणि परत सुरू.

"झालं," रेस म्हणाला. "आता पुढच्या जूनमध्ये सगळे माझ्या दारात."

वर्नरने उठता उठता पँट झटकली. "हंडा राहू दे वर," तो मला म्हणाला. "खानावळीच्या भिंतीवर तशीही जागा नाही."

हिवाळ्यात ब्रोनाचं पत्र आलं. गावच्या सभागृहात तिने प्रवासाबद्दल भाषण केलं. जाणाऱ्या प्रत्येकाला ते करावंच लागतं. डोंगरांचे फोटो दाखवले तेव्हा लोक जांभया देत होते, किटलीचा फोटो दाखवला तेव्हा जागे झाले. तिच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी गोठ्यातल्या सगळ्या भांड्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, 'धू' किंवा 'धुवू नकोस'. एक चिठ्ठी त्यांनी तिच्या भावाच्या पाठीवर लावली. कुठली ते तिने लिहिलं नाही.

या जूनमध्ये मी गाई घेऊन वर आलो त्याच्या पाचव्या दिवशी विरजण गेलं. पहाटे थंडी पडली होती, किटलीतलं नुसतं पाणी झालं होतं. दुसऱ्या दिवशीची तजवीज हवी होती, म्हणून दुपारी मी किटली घेतली, दार ओढलं आणि सवय नसताना म्हणालो, "अर्निका आणायला जातो." ऐकायला कुणी नव्हतं. गाई होत्या.

रेसने किटली भरून दिली. थोडं बसलो. येताना त्याच्या गोठ्यामागे गेलो, मूठभर तोडावी म्हणून. तिथे नुसती पानं होती. वर आमच्याकडे अर्निका जुलैशिवाय फुलत नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि मलाही जन्मभर माहीत होतं.

जूनमध्ये, एकतीस वर्षं, ती मला म्हणायची की अर्निका आणायला जाते. आणि मी म्हणायचो, लवकर ये.